टिप्पणीच्या दोन वाटा

माझ्या मित्राने चौकशीत सांगितले की निरोप जाळ्यात अडकला. हे असत्य आहे. निरोप त्याच्या दुकानातल्या यंत्रापर्यंत व्यवस्थित पोहोचला होता आणि तेथे तो थांबवला गेला. अडकणे आणि थांबवणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. माझ्या मित्राला तो उत्तम कळतो, म्हणून मला हे लिहावे लागत आहे.

उमेदीची सगळी वर्षे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. एका माणसाचे बोलणे दुसऱ्याच्या कानापर्यंत नेताना मध्ये कोणी काय करावे आणि मुख्यतः काय करू नये, हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. निवृत्तीनंतर अंबरनाथ पूर्वेच्या घरात मी खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत राहीन अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती मी पुरी केली नाही. उल्हासनगरात जुने संगणक दुरुस्त करून विकणारा एक सिंधी दुकानदार माझा मित्र होता; त्याच्या दुकानाचा पहिला टेलिफोन मीच जोडून दिला होता. मी जाऊन त्याच्या दुकानात बसू लागलो. तेथेच बदलापूरजवळच्या खरवईत राहणारी एक तरुण मुलगी आम्हाला भेटली. कोणत्यातरी मोठ्या कंपनीसाठी ती घरबसल्या प्रोग्रॅम लिहीत असे आणि संगणकाचा सुटा भाग घ्यायला दुकानात आली होती. आमचा वाद ऐकून ती थांबली आणि नंतर येतच राहिली.

वाद असा होता. आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीचे बोलणे परक्या कंपनीच्या मोबाइल ग्रुपवर चालते. कोण बोलले, कशावर बोलले, याचा पत्ता चार ठिकाणी पुढे ढकलल्यावर उरत नाही. मी म्हणत होतो की प्रत्येक सोसायटीत एक छोटे यंत्र असावे, अगदी कचऱ्यात निघालेला ऑफिसचा संगणकही चालेल. सोसायटीची सूचना तिच्या यंत्रावर प्रसिद्ध व्हावी आणि ज्याला ती ऐकायची असेल त्याने आपले नाव तेथे नोंदवावे. मग विचारावे लागत नाही आणि शोधावे लागत नाही. नवे काही आले की नोंदलेल्या प्रत्येकाकडे ते आपोआप जाते. मध्ये कोणी मालक नाही, कोणी शेठ नाही.

एवढे सगळ्यांना पटले. अवघड भाग पुढचा होता, आणि बाहेरच्यांना तो क्षुल्लक वाटतो. सूचनेखाली कोणी टिप्पणी केली, तर ती टिप्पणी कोणाची? ज्याची सूचना त्याची, की जो बोलला त्याची?

मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की टिप्पणी बोलणाऱ्याची. म्हणून तिला दोन वाटा असाव्यात. एका वाटेने ती मूळ सूचनेच्या यंत्राकडे जावी, म्हणजे तिथल्या लोकांना ती सूचनेखाली दिसेल. दुसऱ्या वाटेने ती, कोणाला न विचारता, ज्यांनी त्या माणसाचे बोलणे ऐकायला नाव नोंदवले आहे त्यांच्याकडे जावी. एकच टिप्पणी दोन्हीकडून आली तर ती ओळखता यावी म्हणून प्रत्येक टिप्पणीवर बोलणाऱ्याच्या मोबाइलने स्वतःचा शिक्का मारावा. हे मी कागदावर पूर्ण मांडून दाखवले होते आणि त्यात आजतागायत कोणाला चूक काढता आलेली नाही.

मुलीची हरकत वेगळी होती. "काका, डिझाइन बरोबर आहे," ती म्हणाली, "पण लोकांना काय दिसेल ते बघा ना. समजा, शेजारणीने भाजीच्या रेसिपीखाली लिहिलं, मीठ जास्त झालंय. तिचा भाऊ वांगणीला. त्याने तिचं नाव नोंदवलंय. त्याच्या मोबाइलवर नुसतं येणार, मीठ जास्त झालंय. कशात? कुठे? तो फोन करून विचारणार."

"करू दे की. बहिणीला फोन केला तर काय बिघडलं?"

"आणि दोन्ही वाटांनी आलं की मोबाइल दोनदा वाजणार."

"शिक्का कशाला दिलाय मग? दुसऱ्यांदा आलेलं गप्प बसवायचं."

"काका, तुम्ही एक्स्चेंजवाले. तुम्हाला सगळं वाजलेलंच आवडतं."

मित्राची हरकत याहून खोल होती आणि ती त्याने हसत हसत मांडली. तो ज्या इमारतीत राहत होता तिथल्या सोसायटीचा तो सेक्रेटरी होता. इमारत जुनी होती. त्या भागात बांधकामाला कसली निकृष्ट रेती वापरली गेली हे तिथल्या सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. शेजारच्या इमारतीवर पालिकेने धोकादायक म्हणून नोटीस लावली, पाण्याची जोडणी तोडली आणि माणसे बाहेर काढली. ती माणसे अजून भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत आहेत आणि इमारत तशीच उभी आहे. त्यामुळे त्या गल्लीत भेग हा शब्द उघड्यावर उच्चारायचा नाही, असा अलिखित नियमच झाला होता. पाहुण्यांसमोरसुद्धा कोणी वर छताकडे पाहत नसे.

"साईं, आपका डिझाइन एक नंबर," तो म्हणाला. "लेकिन बिल्डिंगची गोष्ट बिल्डिंगमध्येच पायजे. कोण बोलेल पानी टपकता है, कोण बोलेल प्लास्टर पडला. ते सीधा बाहेर जाणार? कोण बघेल, कोण नगरपालिकेत दाखवेल. कमेंट आधी माझ्याकडे येऊ दे. मी बघतो, पास करतो, मग सगळ्यांना जाऊ दे."

"म्हणजे तू ऑपरेटर झालास. लोकांचं बोलणं मध्ये बसून ऐकणार."

"अरे, ऑपरेटर वाईट होता क्या? तुमच्या ऑपरेटरनेच माझ्या लग्नाची बातमी कराचीच्या मामाला लावून दिली होती!"

सगळे हसले. त्या हशात माझी दुसरी वाट काढून टाकण्याचे ठरले. टिप्पणी फक्त मूळ सूचनेच्या यंत्राकडे जाईल, तेथे सूचना देणारा ती मंजूर करील आणि मंजूर झाल्यावरच ती पुढे वाटली जाईल. दोन विरुद्ध एक.

मुलगी आता निरनिराळ्या सभांतून आमच्या कामाविषयी बोलते आणि सांगते की हा निर्णय एकमताने झाला, काकांनीही मान्य केला होता. मी मान्य केला नव्हता. त्या दिवशी मित्राने दाल-पकवान मागवले आणि मी ते खाल्ले, एवढाच तिच्या म्हणण्याला आधार आहे. दाल-पकवान खाणे म्हणजे ठरावावर सही करणे नव्हे. त्याचबरोबर, नंतर जे घडले ते मला आधीच दिसले होते असे जे काही लोक माझी बाजू घेऊन म्हणतात, त्यांनाही मी येथेच गप्प करतो. मला काहीही दिसले नव्हते. मध्यस्थाची रचना मला कुरूप वाटली म्हणून मी विरोध केला. भविष्य सांगण्याचा धंदा मी कधी केला नाही.

अशा यंत्रांचे आमचे जाळे चालू झाले. अंबरनाथच्या काही सोसायट्या आल्या, बदलापूरच्या आल्या, पालेगावच्या नव्या इमारतींतून लोकांनी नावे नोंदवली. उल्हासनगरच्या इमारतीचे यंत्र मित्राच्या दुकानातच, काउंटरखाली, ठेवलेले होते. लोक पाण्याची वेळ टाकत, हरवलेली मांजरे शोधत, लिफ्टवरून भांडत. मला ते आवडत असे. भांडण मूळ सूचनेखाली राहत होते, ते सुटून गावभर फिरत नव्हते. एवढे श्रेय या रचनेलाही दिले पाहिजे.

त्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक विधवा बाई राहत होत्या. शिवणकाम करीत. त्यांचा मुलगा बायकोसह पालेगावला नव्या घरात गेला होता आणि आईला तिकडे बोलावत होता. त्या जात नव्हत्या, कारण त्यांची गिऱ्हाइके इकडे होती. मुलाने आमच्या जाळ्यावर इमारतीच्या सूचनांसाठी आपले आणि आईचे बोलणे ऐकण्यासाठी आईचे नाव नोंदवून ठेवले होते. त्याला वाटत होते की आई कोठेही काही बोलली की आपल्याला कळेल. तसे कळायची वाट आम्ही काढून टाकली आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नोंदणीचे बटण मात्र तसेच राहिले होते. ते काढण्याचे काम खरवईच्या मुलीकडे होते आणि ती म्हणते की ते काम तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले होते. तो मुद्दा आज मोठा नाही.

या इमारतीची एक खोड होती, आणि ती त्या गल्लीतल्या बहुतेक इमारतींची आहे. गच्ची गळू लागली की जुना थर खणून काढत नाहीत. खणायला गेले तर खाली काय निघेल याची भीती असते. म्हणून जुन्या थरावरच नवा कोबा टाकतात, त्यावर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवतात आणि पुन्हा गळेपर्यंत निश्चिंत राहतात. वर्षानुवर्षे गच्चीचा उंबरा बुजत जातो. त्या इमारतीत गच्चीवर जायला पूर्वी पायरी उतरावी लागे, नंतर पायरी चढल्यासारखे वाटू लागले होते. त्या सगळ्याचे वजन वरच्या मजल्याच्या छतावर आहे, ही गोष्ट समजायला इंजिनिअर लागत नाही. पण ती बोलायची नव्हती.

त्या साली पुन्हा तसेच ठरले. मित्राने सेक्रेटरी या नात्याने सूचना टाकली: गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा नवा थर टाकायचा आहे, काम चालू असेपर्यंत कोणी पापड किंवा कपडे वाळत घालू नयेत. तिच्याखाली टिप्पण्या येऊ लागल्या. मी त्या इमारतीत राहत नव्हतो, पण यंत्राच्या देखरेखीसाठी मीही नाव नोंदवले असल्यामुळे मंजूर झालेल्या सर्व मला दिसत होत्या. कोणी लिहिले, पापड मग काय सेक्रेटरीच्या डोक्यावर वाळवायचे? कोणी लिहिले, त्यांच्या डोक्यावर जागा भरपूर आहे. मित्राने स्वतःच त्या मंजूर केल्या आणि खाली लिहिले, टक्कल का इस्तेमाल करनेका चार्ज लगेगा. मी घरी बसून हसलो होतो.

त्याच वेळी त्या बाईंची टिप्पणी यंत्रात येऊन पडली होती. त्यांच्या न्हाणीघराचे दार लागत नव्हते, छताला भेग गेली होती आणि गच्चीवरचे काम थांबवावे असे त्यांनी लिहिले होते. ती मंजूर झाली नाही, म्हणून मला दिसली नाही, शेजाऱ्यांना दिसली नाही आणि पालेगावला मुलालाही दिसली नाही.

दुपारी मजूर जेवायला खाली उतरले होते तेव्हा छत कोसळले. वरचे छत खालच्या घरावर आले आणि तेही घेऊन गेले. बाई गेल्या. खालच्या घरातले जोडपे गेले. मित्र दुकानात होता. त्याखालचे घर त्याचे; त्याची बायको पुढच्या खोलीत असल्यामुळे वाचली. इमारत रिकामी केली गेली. ज्या नोटिशीच्या भीतीने सगळे गप्प होते ती नोटीस त्याच संध्याकाळी दारावर लागली.

त्यानंतर बाईंविषयी बोलले जाऊ लागले. वरच राहत होत्या, त्यांना दिसलेच असणार, मग बोलल्या का नाहीत? खालच्या जोडप्याच्या नातेवाइकांनी तर तेराव्याच्या जेवणात बाईंच्या मुलाला तोंडावर विचारले. त्याच सुमारास मित्राने चौकशीत सांगितले की बाईंचा काही निरोप असल्याचे नंतर कळले, पण तो जाळ्यात अडकला होता. तेव्हा मुलगा माझ्याकडे आला. रचना कोणाची होती हे त्याला कोणीतरी सांगितले होते.

त्याने चहाला हात लावला नाही. "काका, एवढंच सांगा. आईने लिहिलं होतं का?"

"यंत्रात असेल. बघितल्याशिवाय सांगणार नाही."

"मी तिचं नाव नोंदवलं होतं. मला का नाही आलं?"

मी त्याला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. त्याने मध्ये एकदाही थांबवले नाही.

"म्हणजे तुमच्या पद्धतीने असतं तर मला आलं असतं."

"लगेच."

"मी स्कूटर काढून आणलं असतं तिला. ओरडली असती, पण आणलं असतं." मग तो म्हणाला, "आणि तुम्ही मतदानात हरलात."

"हो."

"असल्या गोष्टीवर मतदान करतात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, परंतु ते त्याला देण्याजोगे नव्हते. आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो.

पुढे दुकानात जे घडले त्याविषयी खरवईची मुलगी म्हणते की काकांनी स्वतःचे खरे करण्यासाठी एका खचलेल्या माणसाला भरीला घातले. ती तेथे नव्हती. मी होतो, म्हणून घडले ते सांगतो.

मित्र काउंटरमागे बसला होता. भावाच्या घरी राहत असल्यामुळे त्याच्या अंगात भावाचा शर्ट होता आणि तो त्याला मोठा होत होता. बाईंच्या मुलाला पाहताच तो उभा राहिला. मी यंत्र दाखव म्हणालो. त्याने पडदा आमच्याकडे वळवला. मंजुरीसाठी थांबलेल्या टिप्पण्यांत एकच टिप्पणी होती. मुलाने ती वाचली आणि तो बाजूच्या रिकाम्या खोक्यावर बसला.

"हे अडकलं नव्हतं," मी म्हणालो.

"साईं, अभी मत बोलो."

"चौकशीत तू म्हणालास अडकलं."

"बोला ना मी!" तो ओरडला. मग मुलाकडे वळून हळू म्हणाला, "बेटा, मी वाचला होता. पापडवाले पास केले, ते ठेवलं. बोला, इंजिनिअरला विचारतो, मग पास करतो. तुझ्या आईला पन जिन्यात बोललो, ताई, बघतो मी. ती बोलली, लवकर बघा."

बाहेर हातगाडीवाल्याचे आणि रिक्षावाल्याचे भांडण चालू होते.

"पास करा," मुलगा म्हणाला.

"आता? आता क्या फायदा, बेटा?"

"लोक म्हणतात ती बोललीच नाही. पास करा."

मित्राने माझ्याकडे पाहिले. "पास केला तर काय होईल, साईं?"

माझा त्या प्रसंगातला वाटा एवढाच. मी त्याला विचारलेल्या गोष्टीचे उत्तर दिले. म्हणालो, इमारतीच्या सूचना ऐकायला ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवले आहे त्या सर्वांकडे जाईल. बाईंनी कधी लिहिले ती वेळ वर दिसेल आणि तू कधी मंजूर केलेस ती खाली दिसेल. दोन्ही पुसता येत नाहीत.

"मतलब सगळ्यांना कळेल."

"हो."

मी त्याला कर म्हणालो नाही. करू नको असेही म्हणालो नाही. तो उभाच होता. त्याने शर्टाची लांब बाही मागे सारली आणि बटण दाबले.

मुलाचा मोबाइल वाजला. माझा वाजला. भिंतीपलीकडे जीन्स शिवण्याच्या यंत्राचा आवाज चालू होता, तो थांबला. तेथे काम करणारा टेलर त्याच इमारतीतला. खालच्या घरातले गेलेले जोडपे म्हणजे त्याचा भाऊ आणि भावजय. तो मोबाइल हातात धरून दुकानाच्या पायरीशी आला. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती.

"सेठ, ये अभी आया क्या?" त्याने विचारले.

माझ्या मित्राला अजूनही हो म्हणता आले असते. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"नहीं," तो म्हणाला. "तभी आया था."

टेलर पुन्हा मोबाइलकडे पाहू लागला. अक्षरे त्याने डोळ्यांजवळ आणली, लांब धरली. मग तो दुकानात आला आणि मोबाइल त्याने माझ्याकडे किंवा मित्राकडे न देता खोक्यावर बसलेल्या मुलासमोर धरला. तेराव्याला प्रश्न विचारणाऱ्यांत तोही होता.

"मराठी में है, भैया. पढ़ के सुनाओ."

मुलाने वाचले. वाचताना त्याचा आवाज आईसारखा झाला की मला तसे वाटले, ते मी सांगू शकत नाही. "गच्चीवरचं काम आधी थांबवा. माझ्या न्हाणीघराचं दार लागत नाही, चौकट खाली बसलीय. पंख्याजवळ भेगेत बोट जातं. खालच्या घरातल्या सुनेलाही सांगा, त्या खोलीत झोपू नका म्हणावं. पापडाचं नंतर बघू."

"सुन तो लिया," टेलर म्हणाला. "क्या बोल रही है, पूरा समझ में नहीं आया."

मुलाने मोबाइल त्याला परत दिला.

"बोल रही है," तो म्हणाला, "काम रोको."